पितळी ताटातले फासे

पितळेचं ताट सलग आहे की त्याला चीर गेली आहे, हे मी डोळे मिटून सांगतो. टिचकी मारायची आणि कान द्यायचा. सलग ताट बराच वेळ बोलत राहतं, चिरलेल्याचा आवाज लगेच बसतो. काशीच्या ठठेरी बाजारातलं माझं भांड्यांचं दुकान या कानावर उभं राहिलं. समोरचा माणूस बोलतो त्यातलं कुठलं वाक्य पोकळ आहे, तेही मला असंच ऐकू येतं. कारखानदार, दलाल, पुण्याहून येणारे घाऊक व्यापारी, सगळ्यांची वाक्यं मी वाजवून घेतली आहेत. फक्त एका वाक्याचा निकाल अजून लागलेला नाही. ते अनंता बोलला होता, मी बारावीत असताना. आणि परवा मी त्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा ते पुन्हा विचारायला अनंताच उरला नव्हता.

शिंदे घाटाच्या मागची ती गल्ली. एवढी अरुंद की सांड आत शिरला तर दोन्हीकडच्या माणसांनी पोट आत घ्यायचं. एका बाजूला अनंताचं घर, समोर तळमजल्यावर आमची भाड्याची खोली. दार दारासमोर. त्याच्या घरच्या आमटीला फोडणी पडली की आम्हाला शिंका यायच्या. त्याचे वडील, ज्यांना सगळी गल्ली गुरुजी म्हणायची, यात्रेकरूंची श्राद्धं सांगत. माझे वडील मराठी यात्रेकरूंच्या धर्मशाळेत आचारी होते. ते घरी आले की त्यांच्या सदऱ्याला हिंगाचा आणि तुपाचा वास असायचा. गुरुजींच्या उपरण्याला कापराचा. हे दोन वास गल्लीच्या मध्यावर भेटत, आणि वर मणिकर्णिकेच्या चितांचा धूर. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच गावांना हा वास असतो.

अनंताच्या घराच्या वरच्या खोलीत एक गोरा भाडेकरू राहायचा. तबला शिकायला आला होता. काटकुळा, अनवाणी, गंगेचं पाणी उकळून पिणारा. एका उन्हाळ्यात तो उठून गेला आणि एक खोका मागे राहिला. झाकणावर हेल्मेट घातलेला एक शिपाई वाकून धावत होता आणि त्याच्यामागे घर जळत होतं. गुरुजी म्हणाले, "दुसऱ्याची वस्तू आहे, परत येईल माणूस. हात लावायचा नाही." आम्ही वाट पाहिली. नदी चढून पायऱ्या गिळून गेली, उतरली, घाटावरचा गाळ पंपाने धुऊन झाला, तरी तो आला नाही. मग एका दुपारी, गुरुजी तेराव्याला जेवायला गेले असताना, आम्ही झाकण उचललं. आतून थंड, कोरडा, दुसऱ्याच देशातल्या घराचा वास आला. तसा वास मला पुन्हा कुठल्याही वस्तूला आला नाही.

आत पुठ्ठ्याचा एक मोठा घडीचा नकाशा होता. एक गाव, दगडी घरं, चर्च, कालवा, त्यावर पूल, आणि सगळ्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोन. पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या, नखाएवढ्या. प्रत्येक सोंगटी म्हणजे पायदळाची एक तुकडी. काही राखाडी, काही हिरव्या. कुठल्या देशाचे, कुठल्या साली, ते आम्ही कधी नीट समजून घेतलं नाही. तो राखाडी, मी हिरवा, एवढं पुरेसं होतं. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. शब्दकोश मांडीवर घेऊन आम्ही ते अख्खी थंडी वाचलं, गच्चीवर, उन्हात, शेंगा खात. अर्थावरून भांडत. मला तिथेच कळलं की नियमातही घासाघीस करता येते.

"कुंपणाआड तुकडी आहे, मग एक गुण कमी कर."

"अबे, कुंपण तुझ्या बाजूला आहे, माझ्या नाही."

"गुरू, कुंपणाला बाजू नसते."

तो मला गुरू म्हणायचा. सगळं बनारस सगळ्यांना गुरू म्हणतं, पण अनंता म्हणायचा तेव्हा त्यात थोडी चेष्टा आणि थोडा मान असायचा. माझ्याशी वादात तो नेहमी हरायचा. वाद जिंकल्यावर मला लढाई जिंकल्याहून बरं वाटायचं.

एका तुकडीला दुसरी दिसते की मधे घर येतं, हे ठरवायला नकाशावर दोरा ताणून पाहा, असं पुस्तकात होतं. दोरा शोधायला कोण उठणार? अनंता सदऱ्याच्या गळ्यातून जानवं ओढून काढायचा, एक टोक माझ्या हातात द्यायचा आणि चर्चच्या मनोऱ्यापासून पुलापर्यंत ताणायचा. एकदा गुरुजी मागे येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

"काय चाललंय?"

"बाबा, या बंदूकवाल्यांना तो पूल दिसतो का, ते बघतोय."

गुरुजी वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दिसतो. पण आता हे जानवं बदल, आणि गायत्री म्हण." जाता जाता पुटपुटले, "मनोऱ्यावर माणूस ठेवायला हवा होता."

अनंताच्या आईला आम्ही माई म्हणायचो. तिला हा खोका खुपायचा. परक्या माणसाची वस्तू, कुणी शिवलेली, काय खाऊन शिवलेली. एक दिवस तिने सरळ तांब्यातून गंगाजल घेतलं आणि सगळ्या नकाशावर शिंपडलं. चर्च आणि कालव्याच्या मधला पुठ्ठा टरारून फुगला. आम्ही रडकुंडीला आलो. माई म्हणाली, "आता खेळा खुशाल, शुद्ध झालं." पुढे आम्ही त्या फुगलेल्या षटकोनांना दलदल ठरवलं. तिथे शिरलेली तुकडी एक चाल अडकून पडायची. ती दलदल कुठल्या पुस्तकात नव्हती, जगात दुसऱ्या कुठल्या नकाशावर नव्हती. कितीदा माझे हिरवे लोक माईच्या गंगाजलात रुतून बसले.

आणि फासे. फासे दोन, हाडासारखे पिवळट. ते फरशीच्या फटीत जायचे म्हणून माईचं एक पितळी ताट आम्ही घेतलं होतं. ताटात पडताना त्यांचा आवाज व्हायचा, आधी खणखण, मग कडेकडेने एक गोल घरघर, मग शांत. त्या शांततेत आम्ही दोघं ताटावर वाकायचो. आमच्या लढाईत मरण कमी होतं, मोडणं जास्त. गोळीबार झाला की तुकडी मोडायची, म्हणजे सोंगटी उलटी करायची. उलटी तुकडी लढत नाही, घराआड पडून राहते. मग तिच्यासाठी फासे टाकायचे. आकडा जितका लहान तितका बरा. तिच्यावर लिहिलेल्या आकड्याएवढा किंवा कमी पडला तर ती सावरली. सोंगटी सुलट करायची. 'सावरली' हा शब्द आमचा. इंग्रजी शब्द काय होता, ते आता आठवत नाही.

लढाई एका दिवसात संपत नसे. पाटावर नकाशा पसरून तो पाट कोनाड्यात सरकवून ठेवायचा, आठवडे चालायचं. आणि एक नियम होता, जो न सांगता झाला होता. गल्लीतून मणिकर्णिकेकडे कुणाला नेत असले, 'राम नाम सत्य है' ऐकू आलं, की हातातले फासे हातातच ठेवायचे. आवाज वळणापलीकडे गेला की टाकायचे. दिवसातून किती वेळा तरी आमची लढाई अशी थांबायची. त्यात दुःख नसायचं. जेवताना पाण्यासाठी थांबतो तसं.

एक दिवस गल्लीतून माझ्याच वडिलांना नेलं, आणि खांद्याला मी होतो.

त्यानंतरच्या दिवसांचं मला फार काही आठवत नाही. डोक्यावरून गेलेला वस्तरा आठवतो, केस नसलेल्या डोक्याला लागणारी हवा आठवते. दाराशी घोंगडीवर मला बसवलं होतं. अग्नी मी दिला होता, म्हणून मला कुणी शिवायचं नाही, मी कशाला शिवायचं नाही. आणि त्या दिवसांत अख्खी गल्ली मला काही ना काही फुकट देत होती, हे आठवतं. दूधवाला माप भरून वर ओतायचा. मी शाळेत न जाता मास्तरांनी हजेरी लावली. गुरुजींनी दक्षिणा नको म्हणून सांगितलं. आई प्रत्येकाला हात जोडायची. मी तिचे जोडलेले हात बघत बसायचो. फुकटाची चीड मला तेव्हापासूनची आहे. आजही कुणी भावात आपण होऊन सूट दिली तर मी आधी माल उलटून बघतो.

अशाच एका सकाळी अनंता समोरच्या दारात पाट घेऊन आला.

"लढाई अर्धी पडलीय, गुरू."

"मला शिवता येत नाही."

"तू सांग. मी तुझ्या सोंगट्या हलवतो. फासेही टाकतो."

माई आतून काहीतरी म्हणाली. गुरुजींचा आवाज आला, "शब्दाला सूतक नसतं. खेळू दे पोरांना. पाट मात्र उंबऱ्याच्या आतच ठेव."

तसे आम्ही खेळलो. मधे गल्ली. तो त्याच्या उंबऱ्याआड, मी माझ्या दारात. त्यांचा उंबरा उंच होता, मला अनंताचं डोकं आणि खांदे दिसायचे, पाट दिसायचा नाही. पण नकाशा मला पाठ होता. मी ओरडायचो, "बेकरीतली तुकडी कालव्याच्या काठाला." मधून गाय जायची, सायकल जायची, फुलवाली हाऱ्यासकट थांबून काय चाललंय ते विचारायची, "का होत बा?" अनंता म्हणायचा, "युद्ध होत बा, अम्मा." आणि मणिकर्णिकेकडे जाणारी तिरडी आली की आम्ही दोघं आपापल्या दारात गप्प. आता ते पाणी पिण्यासाठी थांबण्यासारखं राहिलं नव्हतं.

माझी स्थिती वाईट होती. पुलाजवळच्या हिरव्या तुकड्या सगळ्या मोडल्या होत्या. एक चाल आणखी, मग खेळ संपला असता. सावरण्यासाठी फासे टाकायचे होते. मी त्याला म्हटलं, टाक.

ताट वाजलं. "चार. सावरली."

पुन्हा ताट वाजलं. "तीन. सावरली."

"पाच. ही पण सावरली, गुरू!"

त्याच्या आवाजात आनंद होता. राखाडी त्याचे होते, तो हरत होता, आणि त्याला आनंद होत होता. शेवटच्या तुकडीचा अधिकारी मेलेला होता, त्यामुळे तिला जवळजवळ अशक्य आकडा हवा होता, फक्त दोन. ताट वाजलं, घरघर झाली, शांत.

"दोन," अनंता हळूच म्हणाला. "एक आणि एक."

मी म्हटलं, "खरं सांग. किती पडलं?"

"दोन."

"ताट दाखव."

"दाखवतो ना." तो वाकला. ताट उंबऱ्याच्या वर येताना मला स्पष्ट ऐकू आलं, फासे सरकले, खण्ण. त्याने ताट माझ्याकडे कलतं धरलं. चार आणि पाच.

"हे नऊ आहेत."

"उचलताना हलले रे. तू ऐकलंस ना?"

"दया करतोस माझ्यावर?"

"पडलं ते सांगितलं."

हेच ते वाक्य. साधं, सपाट. मी ते तिथल्या तिथे वाजवून पाहिलं आणि मला ते बसक्या आवाजाचं वाटलं. मी उठून उभा राहिलो आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलो, "तुझ्या बापाने दक्षिणा सोडली, तू राखाडी सोड! भीक घाला सगळे मिळून!" फुलवाली थबकली. आई आतून धावत आली, पण मला धरता येत नव्हतं, शिवता येत नव्हतं. ती नुसती माझ्याजवळ हात पसरून उभी राहिली.

अनंता ओरडला नाही. तो ओरडला असता तर ते मिटलं असतं, असं मला कितीदा वाटतं. त्याने खाली वाकून काहीतरी केलं. बहुतेक शेवटची तुकडी सुलट केली असावी. मग पाट उचलला आणि आत नेला.

नंतर आम्ही शहर सोडलं नाही, ना त्याने ना मी. तो शाळेत मास्तर झाला. मी धर्मशाळेत पाहुण्यांचं सामान उचललं, मग गंगाजलाचे तांबे विकले, मग ते तांबे घडवून घेतले, मग दुकान. कुणाचं फुकटचं काही घेतलं नाही. लग्नकार्यात, गणपतीत समोरासमोर यायचो. "काय, बरं?" "बरं." गुरू म्हणणं त्याने सोडलं होतं. प्रत्येक वेळी मनात यायचं की आत्ता विचारावं, खरं काय पडलं होतं? पण विचारणारा आधी हरतो, हे धंद्यात शिकलो होतो. तो आपण होऊन सांगेल म्हणून मी थांबलो. भाव पडेपर्यंत थांबावं तसा. आणि माल उठून गेला.

परवा गेलो. अनंताचा दहावा व्हायचा होता. आमच्या जुन्या खोलीत आता कुणीतरी पर्यटकांसाठी कॉफी विकतं, त्या वासात कापूरही हरवला आहे. अनंताच्या घरात चौकाच्या कडेला त्याची मुलगी गौरी घोंगडीवर बसली होती. ती लखनौला बँकेत आहे, एकुलती एक. अग्नी तिने दिला. त्यावरून भाऊबंदांत कुजबुज झाली, म्हणून सूतक ती कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये असं पाळत होती, घोंगडी सोडून आतल्या खोलीत जात नव्हती. वहिनी, अनंताची बायको, स्वयंपाकघराच्या दाराशी होत्या. बोलायचं ते बोलून झालं. उठणार एवढ्यात गौरी म्हणाली, "काका, एक काम आहे. आतल्या खोलीत कोनाड्यात बघा."

पाट होता. नकाशा, दलदल, सोंगट्या. बाजूला तेच ताट, त्यात फासे.

"रविवारी आम्ही खेळायचो, मी आले की," ती चौकातून म्हणाली. "हा बाबांचा शेवटचा डाव. माझी चाल होती. परवा सगळं घर धुतील, पाणी शिंपडतील. मी शिवले तर यावरही शिंपडावं लागेल, और वो पुठ्ठा फिर फूल जाएगा. माझी एक तुकडी मोडलीय, पुलापाशी. तेवढे फासे टाका ना. सावरते का बघायचंय, बस."

"किती हवे?"

"तीन किंवा कमी. बाबा म्हणाले होते, नाही सावरायची, सोडून दे." तिने घोंगडीची कड सरळ केली. "तुमची गोष्ट सांगायचे ते. चार तुकड्या लागोपाठ, शेवटी दोन एके. म्हणायचे, आयुष्यात पुन्हा तसे फासे बघितले नाहीत."

मी कोनाड्याला धरून उभा होतो. "खरंच पडले होते, म्हणाला?"

"मी पण हेच विचारायचे. तर म्हणायचे, ज्याला पटायला हवं होतं त्याला पटलं नाही, आता तुला पटवून काय करू?"

मी धंदेवाला माणूस आहे. खोटं बोलायला काहीतरी नफा लागतो. रविवारच्या दुपारी स्वतःच्या लेकीला हे सांगण्यात अनंताला काय मिळत होतं? मी हिशेब उलटून पालटून पाहिला. तरीही माझ्या आतला तो डोकं भादरलेला पोरगा म्हणत होता, माणूस एकदा बोललेलं खोटं सांभाळतही असेल.

मी ताटाला टिचकी मारली. ते बोलत राहिलं, कितीतरी वेळ. एवढ्या वर्षांत चीर नाही.

मग फासे टाकले. खणखण, घरघर, शांत. मी वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"एक आणि दोन," मी मोठ्याने म्हणालो. "तीन. गौरी, सावरली!"

मी दाराशी येऊन पाहिलं. ती माझ्याकडे बघून हसत होती, डोळे भरलेले, मान किंचित कललेली. लहान पोराने मातीचा लाडू पुढे केला की आपण तो खाल्ल्यासारखं करून हसतो, तशी.

"थँक यू, काका."

"थँक यू कशाचं? खरंच तीन पडलेत."

"हो हो."

"हो हो काय? मी खोटं बोलतो का?" माझा आवाज चढला. वहिनी ओट्यापाशी वळून बघायला लागल्या. "पडलं ते सांगितलं!"

आणि ते वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडून चौकात वाजलं. मी ऐकलं ते. साधं, सपाट. कुठे चीर नव्हती, आणि ऐकणाऱ्या पोरीला ते बसक्या आवाजाचं वाटत होतं, हेही मला दिसत होतं.

मी आत वळलो. दोन्ही हात ताटाच्या काठाला लावले. उचलून चौकात नेतो, तिला दाखवतो. ताट केसभर वर आलं असेल. एक फासा किंचित हलला, खण्ण, आणि मी हात काढून घेतले.

गल्लीतून कुणाला तरी नेत होते. आम्ही तिघंही गप्प झालो. आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत मी कोनाड्यापुढे उभा राहिलो. मग गौरीची तुकडी सुलट केली आणि निघालो.

अनंताचा राग गेला आहे असं मी म्हणणार नाही. एवढी वर्षं होती, एकदा दुकानात येऊन माझी गचांडी धरायची होती. पण आता त्या रागाला दुसरं टोक कुणी धरलेलं नाही, तो ताणला जात नाही. जानव्यासारखा हातातच लोंबतो.

फासे मी तसेच ठेवून आलो. वहिनींना बजावलं, सूतक फिटलं की आधी गौरीला आत नेऊन दाखवा, तोवर कुणी हात लावू नका. दुकानात परतल्यावर कळलं, तेही फुकट आहे. ती आत जाईल, ताटात एक आणि दोन बघेल, आणि म्हणेल, काकांनी जाताना मांडून ठेवलेत.